मळ्यातला जुना वाडा पाडायच्या आधी नोंद कशी करायची (गोठ्यासकट)

नाशिककडं मळ्यातला वाडा पाडायला काढला की लोक नक्षीच्या खांबांचे न् दाराचे फोटो काढतात आणि झालं काम, गोठा, बळद (धान्य साठवायची बंदिस्त जागा), कांदाचाळ यांना कोणी विचारत नाही. अमेरिकेत डरहॅमला ड्यूक घराण्याचं तंबाखूचं जुनं शेत जपलंय, तिथं 1852 चं राहतं घर आहे पण तंबाखू सुकवायचं कोठार आणि पॅकहाउसपण (सुकलेला तंबाखू निवडून बांधायची इमारत) ठेवलंय, म्हणून तिथं काम कसं चालायचं हे बघून कळतं. आपल्याला वाडा वाचवता नाही आला तरी एवढी नोंद तर करता येते.

उन्हाळ्यात जा, गवत वाळलेलं असतं, पडलेल्या खोल्यांची जोतीपण दिसतात (आणि सापाची भीती जरा कमी). 30 मीटरचा टेप आणि सोबत एक माणूस. आधी सगळ्या मळ्याचा कच्चा नकाशा, उत्तर दिशा टाकून, मग एकेक खोली. जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही, त्यामुळं चार भिंती मापून भागत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही तिरकी मापं घ्यायचीच. खण (दोन खांबांमधला गाळा) किती ते मोजा, भिंतीची जाडी खिडकीत मापा, सोपं पडतं.

माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) चढू नका, प्लीज. तुळई, कड्या, त्यावर पाट, वर पांढरी माती हे थर पडक्या कडेला खालूनच दिसतात, तिथं टेप धरून फोटो घ्या.

खरी मजा कामाच्या इमारतींत आहे, कारण तिथं प्रत्येक फटीला कारण असतं. तिकडं तंबाखूच्या कोठारात ओंडक्यांमधल्या फटी मातीनं लिंपायचे, आतली धग बाहेर जाऊ नये म्हणून, आणि आपल्या कांदाचाळीचं नेमकं उलटं, कांद्याला वारा लागला पाहिजे म्हणून तळ उचललेला न् बाजूला पट्ट्या. तेव्हा फट केवढी, तोंड कुठल्या दिशेला, हे लिहाच. बळदाचं तोंड कुठं, धान्य कुठनं काढायचे तेपण. मोटेची विहीर असेल तर थारोळं (मोटेचं पाणी पडायची कुंडी) आणि बैलांची धाव (मोट ओढताना बैल चालायचे तो उतार) शोधा, धाव बहुतेक बुजवलेली असते.

कागदात 7/12 वर घराचं फारसं काही सापडत नाही, ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढा.

मग नकाशा घेऊन घरातल्या आजींकडं बसा आणि प्रत्येक खोलीवर त्या सांगतील तेच नाव टाका, ‘स्टोअर रूम’ वगैरे नको.