फार्महाऊसवरचा खासगी बांध पावसाळ्याआधी कसा तपासावा

नाशिकहून त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडे निघालं की डोंगराच्या पायथ्याला जागोजागी फार्महाऊस, रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं दिसतात. बऱ्याच ठिकाणी नाल्यावर मातीचा बांध घालून तळं केलेलं असतं: पाहुण्यांनी पोहावं, होडी फिरवावी, संध्याकाळी काठावर बसावं म्हणून. बांधाची उंची चार-सहा मीटर. मालकाच्या तोंडी ते ‘आमचं तळं’ असतं, धरण हा शब्द त्याच्या मनातही येत नाही. पण अडवलेल्या पाण्यामागे मातीची भिंत उभी आहे म्हणजे ते धरणच आहे.

आणि शेतीच्या बांधापेक्षा हौसेचा बांध मला जास्त काळजीचा वाटतो. शेतकरी मोटार चालू करायला रोज बांधावर जातो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी उपसलं जातं, आतला उतार उघडा पडतो, काय बिघडलंय ते दिसतं. हौसेचं तळं मात्र बारमाही काठोकाठ हवं असतं. मालक शनिवारी-रविवारी येतो. इगतपुरीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस बुधवारी रात्री दोन वाजताही कोसळतो.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटरमधल्या धरणांना काही अटी पूर्ण होत असतील तरच. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकमध्येच आहे, पण तुमचा पाच मीटरचा बांध या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. म्हणजे तपासणी तुम्हीच करायची. एप्रिल-मे हा त्यासाठी योग्य काळ.

पहिलं काम: नाल्याने खाली चालत जा

बांधाकडे बघण्याआधी पाठ फिरवा आणि नाल्याच्या कडेने दोन-तीन किलोमीटर उतरा. घरं, गोठे, विहिरी, मजुरांच्या झोपड्या, रस्त्याखालच्या मोऱ्या वहीत टिपा. प्रत्येक वस्तीतल्या दोन माणसांचे आणि गावच्या पोलीस पाटलांचे फोन नंबर घ्या.

मग पाण्याचा अंदाज काढा. पाण्याचं क्षेत्रफळ गुणिले सर्वांत जास्त खोली गुणिले ०.४. एक एकराचं, म्हणजे साधारण ४००० चौरस मीटरचं तळं पाच मीटर खोल असेल तर त्यात ८००० घनमीटर पाणी मावतं. म्हणजे ८० लाख लिटर, वजन ८००० टन. खालच्या झोपड्या बघून आल्यावर हा आकडा काढला की पुढची कामं टाळावीशी वाटत नाहीत.

दुसरं काम: सांडवा

तुमच्याकडे एकाच गोष्टीला वेळ असेल तर तो सांडव्याला द्या. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की खालच्या बाजूची माती धुपत जाते, घळ पडते आणि मग बांध वाचवता येत नाही. जादा पाणी माथ्यापर्यंत पोचूच न देणं हे सांडव्याचं काम आहे.

टेपने मोजा. सांडव्याची रुंदी किती? त्याच्या तळापासून बांधाचा माथा किती उंच? आता पाणलोट क्षेत्र धरा २० हेक्टर, डोंगराळ आणि खडकाळ. तासाला १०० मिलीमीटर वेगाने पाऊस पडला आणि त्यातलं साठ टक्के पाणी वाहून आलं, तर ०.६ × १०० × २० ÷ ३६० या हिशेबाने सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर पाणी येतं. सांडवा तीन मीटर रुंद असेल तर हे पाणी त्यावरून जवळजवळ ७५ सेंटीमीटर उंचीने वाहील. माथा सांडव्यापेक्षा एक मीटर उंच असला तर वर वीतभर जागा उरते.

आता नेहमी दिसणारा प्रकार बघा. तळं आणखी भरलेलं दिसावं म्हणून सांडव्यावर मातीच्या गोण्या रचतात, फूटभर. ३० अधिक ७५ म्हणजे १०५ सेंटीमीटर. पाणी माथ्यावरून गेलं! गोण्या रचणाऱ्याला वाटतं आपण फूटभर पाणी वाढवलं, पण खरं तर त्याने बांधाची सगळी सुरक्षितता काढून घेतलेली असते. गोण्या आजच काढा. पाण्याची पातळी वाढवायचीच असेल तर आधी सांडवा रुंद करावा लागतो आणि ते काम अनुभवी अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हावं.

सांडव्याच्या तोंडाशी बसवलेली जाळीही काढा. रोहू-कटला वाहून जाऊ नयेत म्हणून ती लावतात. पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिक तिला अडकतं आणि जाळीची भिंत होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, श्रीमंतांच्या एका क्लबच्या मालकीचं, मासेमारीसाठी आणि विहारासाठी. घोडागाड्या जाव्यात म्हणून त्यांनी माथा खाली घेऊन रुंद केला होता. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या. पाणी सोडायचे तळातले पाइप आधीच्या काळात काढून टाकलेले, ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसात ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन शहर परिसरात २२०० हून अधिक माणसं गेली. त्यांचं धरण आपल्या तळ्यांपेक्षा कितीतरी मोठं होतं, पण चुका मात्र याच.

तिसरं काम: माथा आणि भेगा

नव्या बांधाची माती काही वर्षं बसत राहते, आणि सगळ्यांत जास्त मधोमध, जिथे नाल्याची घळ भरलेली असते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि दर पाच मीटरवर माथ्याची पातळी तपासा. मध्ये खोलगट भाग निघाला तर बांधाची खरी उंची तीच समजा. तिथे नुसती माती ओतू नका. गवत काढा, पृष्ठभाग खरवडा, ओलसर माती अर्ध्या-पाऊण फुटाचे थर देऊन दाबत भरा.

काळी माती उन्हाळ्यात तडकते. माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग बाजू घसरत असल्याची खूण असू शकते, म्हणून तिची लांबी-रुंदी लिहून ठेवा आणि वाढते का बघा. आडवी भेग, तळ्याकडून खालच्या बाजूला जाणारी, ही जास्त धोक्याची, कारण पाण्याला आयती वाट मिळते. ती शेवटपर्यंत खणून पुन्हा थर देऊन भरा. वरून सिमेंट ओतून ती फक्त दिसेनाशी होते.

चौथं काम: झाडं आणि बिळं

बांधावर सावलीसाठी झाडं लावण्याचा मोह सोडावा. वड, उंबर, सुबाभूळ यांची मुळं आत शिरतात. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. रोपटी लहान असतानाच काढा. मोठं झाड असेल तर ते तोडून खोड तसंच सोडू नका. पाणी उतरलेलं असताना मुळांसकट काढून खड्डा दाबून भरावा लागतो. बांधावर हवं ते फक्त आखूड गवत. घाणेरी माजली असेल तर तीही काढा, तिच्याआड काहीच दिसत नाही. घुशी, खेकडे, साळिंदर यांची बिळं शोधून खणून भरा.

पाचवं काम: खालची बाजू

हे काम तळं भरलेलं असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात करा. बांधाच्या पायथ्याशी चालत जा. भर उन्हाळ्यात एखाद्याच पट्ट्यात गवत हिरवंगार असेल तर तिथे पाझर आहे. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. बघायचं ते त्याचा रंग आणि वेग. काचेच्या बाटलीत पाणी धरा आणि तासभर ठेवा. तळाला गाळ बसला तर बांधाच्या आतली माती वाहून येतेय, आणि हा सर्वांत गंभीर इशारा आहे. पाणी स्वच्छ असेल तर बादली भरायला किती सेकंद लागतात ते तारीख घालून लिहा. तळ्याची पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली तर अभियंत्याला बोलवा.

बांधातून गेलेला पाइप असेल तर तो जिथे बाहेर पडतो तिथे भोवताली ओल आहे का हे खास बघा. पाइपाच्या कडेने पाणी वाट काढतं. वॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी पूर्ण उघडून बंद करा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला असतो.

पावसात आणि धोक्याच्या वेळी

आतल्या बाजूला रंगवलेली मोजपट्टी उभी करा. जोराच्या पावसात चौकीदाराने दर तासाला पातळी बघावी, रात्रीसुद्धा, चांगली बॅटरी घेऊन. पावसाळ्यापुरतं तळं सांडव्यापेक्षा मीटरभर खालीच ठेवलं तर उत्तम. पाणी उतरवायचं ते सावकाश, दिवसाला साधारण फूटभर. एकदम उतरवलं तर ओली आतली बाजू घसरते.

खालून गढूळ पाणी येऊ लागलं तर त्या भोकात बोळा कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असा ढीग घाला, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. वॉल्व्ह उघडा, पंप लावा. घाबरून बांधाला चर पाडू नका. तो चर हाताबाहेर जातो. आणि हे सगळं करायच्या आधी खालच्या वस्तीला फोन, ११२ ला फोन, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खालची वस्ती वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

पाहुण्यांसाठी थोडक्यात: होडीत लाइफ जॅकेट सक्तीचं, काठावर दोर बांधलेली ट्यूब, खोलीचे फलक, आणि सांडवा वाहत असताना पाण्यात कुणीही नाही.

एक गोष्ट मात्र मालकाने स्वतः बसून करायला हवी. वॉल्व्हची चावी चौकीदाराकडे द्या, मुंबईच्या घरातल्या कपाटात ठेवू नका. आणि त्याला कागदावर, सहीनिशी लिहून द्या: पाणी मोजपट्टीवरच्या लाल रेघेला लागलं की वॉल्व्ह उघड, खालच्या वाडीला उठव, मग मला फोन कर. तळं रिकामं झालं म्हणून तुझा पगार कापला जाणार नाही.