जर्मनी किंवा जपानच्या ऑर्डर्स आल्यात? गाडी, लायसन्स आणि रजिस्ट्रेशनचं असं करा

नवरा अमेरिकन आर्मीत आहे, आधी जपानमधलं ओकिनावा झालं, आता जर्मनी. प्रत्येक पीसीएसच्या, म्हणजे बदलीच्या सीझनला कुणी ना कुणी मराठी मैत्रीण मेसेज करते की अगं ऑर्डर्स आल्यात, गाडीचं काय करू, मी तिथे चालवू शकते का, इन्शुरन्स कोणाचा घेऊ. प्रत्येकीला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. परदेशात गाडीची सगळी कागदपत्रं स्पॉन्सरभोवती फिरतात, म्हणजे ज्याच्या नावावर ऑर्डर्स आहेत त्याच्याभोवती. गाडी सोडवून घ्यायची, रजिस्टर करायची, विकायची, प्रत्येक खिडकीवर एकतर तो स्वतः हवा नाहीतर त्याने तुमच्या नावाने दिलेली स्पेशल पॉवर ऑफ अॅटर्नी हवी. आम्ही जर्मनीला पोचलो आणि दहाव्या दिवशी नवरा फिल्डला गेला. तो गेल्यावर चार दिवसांनी मेल आला की तुमची गाडी आली आहे, घेऊन जा. पॉवर ऑफ अॅटर्नी केलेली नव्हती, माझं लायसन्सही झालं नव्हतं. तीन आठवडे गाडी तिकडे उभी आणि मी इकडे दीड वर्षाचं पोर आणि स्ट्रोलर घेऊन बसने किराणा आणतेय. एक दिवस पावसात स्टॉपवर उभी होते, एका हातात दुधाचे कॅन, दुसऱ्या हातात छत्री, आणि स्ट्रोलरचं चाक फुटपाथच्या फटीत अडकलेलं. ते तीन आठवडे तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सांगते, अमेरिका सोडायच्या आधीच बेसच्या लीगल ऑफिसात जा आणि पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या, तिथे ती फुकट होते. त्यात गाडीचं मेक, मॉडेल, वर्ष आणि व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर) घाला, आणि उचलणे, रजिस्टर करणे, विकणे, परत शिप करणे हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं जनरल लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

दुसरं म्हणजे तुमचं स्वतःचं स्टेट लायसन्स, म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं. आपल्यातल्या बऱ्याच जणी लग्नानंतर अमेरिकेत येतात, नवरा चालवतोय म्हणून लायसन्स मागे पडतं, आणि मग भारताच्या लायसन्सवर बघू असं वाटतं. त्या भरवशावर निघू नका. स्टेटचं लायसन्स काढूनच विमानात बसा, आणि ते असेल तर एक्सपायरी बघा, वर्षभरात संपत असेल तर आत्ताच रिन्यू करा. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, ट्रिपल ए ही अमेरिकेतली वाहनचालकांची संस्था देते, एक वर्ष चालतं, आणि जर्मनीतून ऑस्ट्रियाला किंवा इटलीला फिरायला जाताना लागतं.

गाडी न्यायची का? जर्मनीला सरकारी खर्चाने एक गाडी जाते, दुसरी न्यायची तर खिशातून. गाडी व्हेइकल प्रोसेसिंग सेंटरला, म्हणजे व्हीपीसीला द्यायची. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. गाडी धुऊन चकचकीत करून न्या, चाकाच्या कमानीत चिखल असला तरी परत पाठवतात. सेफ्टी रिकॉल, म्हणजे कंपनीने सुरक्षेच्या दोषामुळे सांगितलेली दुरुस्ती, बाकी असेल तर गाडी घेत नाहीत, म्हणून व्हीआयएन टाकून दोन महिने आधीच चेक करा, कारण डीलरकडे पार्ट यायला वेळ लागतो. गाडीवर लोन असेल तर बँकेचं पत्र हवं की गाडी देशाबाहेर न्यायला आमची हरकत नाही, आणि हे पत्र मिळवायला सगळ्यात जास्त फोन करावे लागतात. घरचं सामान गाडीत कोंबू नका. देताना चारी बाजूंनी, आतून, काचेवर ओरखडा असेल तर तोही, आणि ओडोमीटरचा फोटो काढा, तिकडे डॅमेज निघालं तर क्लेमला हेच फोटो उपयोगी पडतात. आणि निघायच्या आधी तुमच्या अमेरिकन इन्शुरन्स कंपनीकडून इतकी वर्षं क्लेम नाही असं पत्र लिहून घ्या, जर्मनीत प्रीमियम बराच कमी होतो.

जर्मनीत पोचल्यावर स्टेट लायसन्स आहे म्हणून लगेच गाडी चालवता येत नाही. युसारूर लायसन्स, म्हणजे युरोपातल्या अमेरिकन आर्मीचं लायसन्स, काढावं लागतं, त्याची लेखी परीक्षा असते, आणि स्टेट लायसन्स व्हॅलिड असेल तरच परीक्षेला बसता येतं. नवरा-बायको दोघांनी पहिल्याच आठवड्यात द्या, त्याचं झालं की माझं बघू असं करू नका. परीक्षा कॉमन सेन्सवर निघत नाही, चिन्हं पाठ करावी लागतात, मी विमानातच मॅन्युअल वाचायला घेतलं होतं आणि तेवढं एक काम मी बरोबर केलं होतं.

रजिस्ट्रेशनला क्रम असा: आधी इन्शुरन्स. जर्मन कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी लागतंच, त्याच्या पुढे टाइलकास्को म्हणजे चोरी, काच, गारा वगैरे, आणि फोलकास्को म्हणजे स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानही. इन्शुरन्सवाला एक कन्फर्मेशन देतो ज्याला बेसवर सगळे डबल व्हाइट कार्ड म्हणतात, ते हातात असल्याशिवाय खिडकीवर जाऊच नका. मग ते कार्ड, ऑर्डर्स, आयडी, युसारूर लायसन्स, गाडीचं टायटल किंवा जुनं रजिस्ट्रेशन, आणि स्पॉन्सर नसेल तर ती पॉवर ऑफ अॅटर्नी. पुढे गाडीचं इन्स्पेक्शन, त्यात ब्रेक, लाईट, टायर, गंज बघतात. गाडीत वॉर्निंग ट्रँगल, फर्स्ट एड किट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट ठेवायचंच, जॅकेट २०१४ पासून सगळ्यांना कंपल्सरी आहे. ते डिकीत खाली पुरून ठेवू नका, ऑटोबानवर बंद पडलात तर गाडीतून उतरायच्या आधी अंगात हवं, म्हणून सीटखाली ठेवा.

आता एक गोष्ट जी सासू-सासरे किंवा आई-बाबा भेटायला आले की हमखास अडते. ही गाडी सोफा करारातली (अमेरिकन सैन्य तिथे असण्याबद्दल दोन देशांत झालेला करार), म्हणजे टॅक्स आणि कस्टम्स न भरता आलेली, त्यामुळे ती पाहुण्यांनी चालवायची नाही. भाऊ कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, शेजारचा जर्मन मित्र असू दे, किल्ली द्यायची नाही, तो कस्टम्सचा गुन्हा होतो आणि जबाबदारी स्पॉन्सरवर येते. तसंच फ्युएल कार्डचं. त्यावर बिनटॅक्सचं पेट्रोल मिळतं, महिन्याला ठराविक लिटर, ते फक्त त्याच गाडीत भरायचं, जर्मनीबाहेर ते कार्ड चालत नाही. पंपावर हँडलच्या रंगावर जाऊ नका, अमेरिकेत हिरवं हँडल बहुतेक डिझेलचं असतं, इथे डिझेलचं हँडल काळं असतं. जर्मनमध्ये बेन्झिन म्हणजे पेट्रोल एवढा शब्द लक्षात ठेवा.

चालवायचे नियम खूप आहेत पण सगळ्यात घात करणारा नियम म्हणजे उजवीकडच्याला आधी. जिथे सिग्नल नाही, बोर्ड नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येऊ दे. अमेरिकेत आपण मोठ्या रस्त्यावर असलो की बिनधास्त जातो, इथे तसं नाही. आमच्या गावातला रस्ता मला मेन रोडच वाटायचा, दुकानं, बस, सगळं त्याच्यावर, आणि उजव्या हाताला एक गल्ली, दोन घरांच्या भिंतींमधून निघणारी, एक गाडी जेमतेम मावेल एवढी. पहिल्या आठवड्यात त्यातून एक लाल गाडी सरळ बाहेर आली, त्या आजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण हक्क त्यांचाच होता. मी ब्रेक मारला तेव्हा आमच्यात हातभर अंतर होतं आणि मागे मुलगी रडायला लागली. त्या दिवसापासून गावात शिरले की पाय ब्रेकवर आणि मान उजवीकडे. तुम्हाला हक्क आहे का हे ओळखायची खूण म्हणजे पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला. तो दिसला की तुम्ही प्रायॉरिटी रोडवर, त्याच्यावर काळ्या रेघा दिसल्या की प्रायॉरिटी संपली आणि पुन्हा उजवीकडे बघायचं.

रेडवर उजवीकडे वळायचं नाही. सिग्नलच्या बाजूला हिरव्या बाणाची पाटी लावलेली असेल तरच, आणि तेव्हाही आधी पूर्ण थांबून. गावात ५०, बाहेर १००, ऑटोबानवर जिथे लिमिट नाही तिथे १३० सुचवलेला वेग आहे, पण लिमिट नाही म्हणजे डावी लेन तुमची असं नाही, ओव्हरटेक झालं की उजवीकडे या, आणि उजवीकडून कधीच ओव्हरटेक करू नका, आरशात लांब दिसणारा हेडलाईट चार सेकंदांत तुमच्या बंपरला येतो. ट्रॅफिक तुंबायला लागला की लगेच, अॅम्ब्युलन्स यायची वाट न बघता, मधे वाट करायची, सगळ्यात डावीकडची लेन डावीकडे सरकते आणि बाकीच्या सगळ्या उजवीकडे. नाही केली तर २०० युरो दंड आणि लायसन्सच्या रेकॉर्डवर दोन पॉइंट. पण दंडाचं सोडा, त्या वाटेने कोणाचं तरी माणूस हॉस्पिटलला जात असतं. फोन हातात दिसला तर १०० युरो आणि एक पॉइंट. दारूची मर्यादा ०.५ प्रति हजार, २१ च्या आतल्यांना आणि नवीन लायसन्सवाल्यांना शून्य. सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर, बाहेर दोन मीटर अंतर. मुलं १२ वर्षांची किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत सीट लागते.

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तर विंटर टायर हवेतच, आणि आता डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं एम प्लस एस लिहिलेलं २०२४ च्या सप्टेंबरपर्यंतच चालत होतं. अमेरिकेतून ऑल सीझन टायर घेऊन येणाऱ्यांनी टायरच्या बाजूवर ते चिन्ह आहे का ते आजच बघा. बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट अशा शहरांत जायचं तर काचेवर हिरवं पर्यावरण स्टिकर लागतं, नसेल तर १०० युरो. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये निळी पार्किंग डिस्क ठेवा, पुठ्ठ्याची असते, घड्याळासारखी. १० वाजून १० मिनिटांनी पोचलात तर काटा साडेदहावर, म्हणजे पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा आणि डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवायची. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या हायवेला विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर घ्या. इटलीत जुन्या शहरांच्या आत झेडटीएल नावाचे भाग असतात, तिथे परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, म्हणून हॉटेल आत असेल तर आधी हॉटेलला नंबर कळवा.

उभ्या गाडीला घासलं तर चिठ्ठी ठेवून निघून जायचं नाही, जर्मनीत ते पळून जाणंच धरतात. थांबा, ११० ला फोन करा, कोणी जखमी असेल तर ११२, आणि समजत नसलेल्या कागदावर सही करू नका.

जपानचं गणित वेगळं. ३१ मार्च १९७६ नंतर बनलेली गाडी तिकडे सरकारी खर्चाने जात नाही, म्हणजे जवळजवळ कोणाचीच नाही, त्यामुळे ती स्टोरेजला टाका किंवा विका आणि तिथे बेसवर बदली होऊन निघालेल्यांकडून सेकंडहँड घ्या. तिकडे लोक डावीकडून चालवतात, आपल्याकडच्यासारखं, त्यामुळे आपल्याला सोपं जातं. ओकिनावात मात्र अमेरिकन राजवटीपासून उजवीकडून चालायचं आणि ३० जुलै १९७८ ला एका दिवसात सगळं बेट डावीकडे आलं. चालवायला बेसवरचं सोफा लायसन्स लागतं. गाडी बघताना किंमत नंतर विचारा, आधी शाकेन कधीपर्यंत आहे ते विचारा. शाकेन म्हणजे दोन वर्षांनी होणारं सक्तीचं इन्स्पेक्शन, त्याच्याबरोबर जेसीआय हा सक्तीचा इन्शुरन्स येतो, आणि शाकेन संपत आलेली स्वस्त गाडी शेवटी महागच पडते. जेसीआय फक्त माणसांच्या इजेचं बघतो, त्यामुळे वेगळा लायबिलिटी इन्शुरन्स घ्यावाच लागतो. रोड टॅक्स वसंतात येतो, बेसबाहेर राहणार असाल तर पार्किंगची जागा असल्याचा दाखला लागतो. नंबर प्लेटवर वाय अक्षर येतं म्हणून सगळे वाय प्लेट म्हणतात. स्टॉपचं चिन्ह उलटा लाल त्रिकोण असतो, तिथे चाकं पूर्ण थांबवा, पोलीस त्याकडे बारीक लक्ष ठेवतात. दारूची मर्यादा इतकी कमी की एक बिअरही नको, आणि पिऊन चालवणाऱ्याच्या बाजूला बसलेल्यालाही शिक्षा होते.

परत निघताना, विकायची असेल तर सोफावाल्याला विकणं सोपं, दोघांनी मिळून रजिस्ट्रेशन ऑफिसला जाऊन नावावर करून द्या. जर्मन माणसाला विकायची तर आधी कस्टम्सची परवानगी आणि टॅक्स, त्याशिवाय किल्ली देऊ नका. जपानात कोणी घेतली नाही तर गाडी जंक करून रजिस्ट्रेशन रद्द करावं लागतं, नुसती पार्किंगमध्ये सोडून विमानात बसलात तर टॅक्सची नोटीस मागे लागते. आणि नवरा आधी जाणार, तुम्ही मुलांची शाळा संपल्यावर जाणार असं असेल तर तो जायच्या आदल्या आठवड्यात पॉवर ऑफ अॅटर्नीची तारीख बघा, तिला मुदत असते, माझ्या एका मैत्रिणीच्या पॉवर ऑफ अॅटर्नीची मुदत गाडी विकायच्या तीन दिवस आधी संपली होती आणि तिचा नवरा तोपर्यंत टेक्सासला पोचला होता.