घरच्या वर्कशॉपसाठी कूलर, एसी की हीटर?

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि टिनाखालच्या वर्कशॉपमध्ये दुपारी पान्हासुद्धा हाती धरवत नाही. तरीही पहिला खर्च यंत्रावर नव्हे, तर छतावर करावा. टिनांना बाहेरून चुन्याचा पांढरा थर दिला, तर खालची धग बरीच कमी होते. छतावर तुराट्या-पऱ्हाट्या अंथरण्याची जुनी रीतही चांगली आहे, परंतु वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालत असेल तेथे ती नको.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की चांगल्या ताट्यांचा कूलर ४५ अंशांची हवा तिशीपर्यंत खाली आणू शकतो. खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि त्याच्या निम्मा आकडा कूलरच्या सीएफएमचा, म्हणजे तो मिनिटाला जितके घनफूट हवा फेकतो त्याचा, धरावा. १५ बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीला या हिशेबाने ९०० सीएफएम पुरतात; टिनाच्या छताखाली मात्र १५०० च्या आसपासचा घ्यावा. कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी उघडी ठेवणे आवश्यक आहे, कारण आतलीच हवा फिरत राहिली तर गारवा जाऊन नुसता दमटपणा उरतो. एवढा कूलर भर उन्हात तासाला १५ लिटरच्या आसपास पाणी पितो. ज्या गावात मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा हिशेब आधी करावा. लेथ किंवा रंध्यासारख्या लोखंडी अवजारांवर ओली हवा थेट येऊ देऊ नये आणि काम संपल्यावर त्यांना तेलाचा हात फिरवावा.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा एसीचा मोह होतो, पण दीड टनाचा एसी सुमारे दीड किलोवॅट वीज घेतो, लाकडाच्या भुशाने त्याची जाळी वरचेवर तुंबते आणि गावातल्या पडत्या व्होल्टेजला स्टॅबिलायझर वेगळा लागतो. खोली बंदिस्त असून काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीसारखे बारीक असेल, तरच तो घ्यावा.

हिवाळ्याची सोय थोडक्यात भागते. गोंदियाकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि फेविकॉल धरायला वेळ लागतो, एवढीच काय ती अडचण. थिनर व भुसा असलेल्या ठिकाणी लाल तारेचा हीटर न लावता तेलभरला रेडिएटर वापरावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये, तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

लोखंडी कूलरच्या शॉकने विदर्भात उन्हाळ्यात माणसे दगावतात, म्हणून पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आधी बसवून घ्यावा, आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढून ठेवावा.