जुनी फोर बाय फोर घेतलीय? पाणंदीत उतरण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात जुनी जीप घेणाऱ्याचा पहिला खर्च हमखास टायरवर होतो. दुसरा जाडजूड बंपरवर, तिसरा टपावरच्या लाईटच्या पट्टीवर. ग्रीसच्या डब्याला हात लागतो तो सहा महिन्यांनी, आणि तोवर गाडी एकदा तरी ट्रॅक्टरला बांधून घरी आलेली असते. मी स्वतः याच क्रमानं गेलोय. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनची, घेतली तेव्हा मेस्त्रींनी खाली वाकून एवढंच विचारलं होतं, "क्रॉसला ग्रीस कधी मारलंय?" (क्रॉस म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टचा सांधा.) मी त्यांना टायर दाखवत होतो.

आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं

गाडी उचलताना खालून "टक्" असा एकच ठोका येत होता. रिव्हर्स टाकला की परत एक. जुनी गाडी म्हटल्यावर वाजायचीच, असं मी स्वतःला समजावलं. महिनाभरानं गगनबावड्याकडे एका चढावर मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. शाफ्ट खाली लोंबकळला, इंजिन चालू, गिअर पडलेला आणि गाडी जागेवर.

त्या दिवशी सुटका झाली ती फोर व्हीलमुळे. मागचा शाफ्ट बोल्ट काढून पूर्ण सोडवला, मागं टाकला, दांडा फोर व्हीलमध्ये घातला आणि फक्त पुढच्या चाकांवर हळूहळू घरी आलो. ही युक्ती लक्षात ठेवा, पण ती वापरायची वेळ येऊ देऊ नका. एका क्रॉसची किंमत मित्रांसोबतच्या एका जेवणाएवढीही नसते.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, खाली शिरा आणि शाफ्ट हातानं पिळून बघा. क्रॉसपाशी हलकीशी जरी खटखट जाणवली, किंवा कपाशेजारी तांबूस गंजाची पूड दिसली, तर तो क्रॉस संपला. आतलं ग्रीस वाळून सुईसारखे रोलर घासल्याची ती खूण. ग्रीस मारताना चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. एकाच टोकातून आलं की बाकीची तीन कोरडी राहिलीत असं समजा.

डांबरी रस्त्यावर फोर व्हील

"पावसात ग्रिप मिळते" म्हणून शिरोलीपासून पन्हाळ्यापर्यंत फोर व्हीलमध्ये जाणारे मी पाहिलेत. जुन्या जीपला आणि मारुतीच्या जिप्सीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी) दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरवते. चिखलात, वाळूत किंवा सैल मुरमावर चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, त्यामुळे तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते आणि शेवटी दांडा टू व्हीलमध्ये यायलाच तयार होत नाही.

तसं झालं तर दांड्याला लाथ मारू नका. (मारलीय मी. दांडा वाकला, गिअर काही निघाला नाही.) गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि दांडा बोटानं येतो.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास दिसते. वर्षभर फोर व्हीलचा दांडा हलवायचाच नाही, आणि चिखलात चाकं अर्धी बुडाल्यावर तो ओढत बसायचं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर हाय (नेहमीचा वेग) आणि लो (हळू, पण जास्त ताकद) दोन्ही पाडून बघा. जुन्या विलिज घराण्यातल्या (मूळ अमेरिकन विलिज जीपवरून आलेल्या) जीपला दोन लहान दांडे असतात आणि पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही. हे माहीत नसल्यानं "लो खराब आहे" म्हणून ट्रान्सफर केस खोलायला निघालेला एक जण मला माहीत आहे. पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारी किंवा सोडणारी खुंटी) असतील तर ते उतरून लॉक केल्याशिवाय दांड्याचा उपयोग शून्य. आणि हे सगळं चिखलाच्या अलीकडे करायचं, पलीकडे जायची आशा धरून नाही.

"ऑईल म्हणजे ऑईल"

गिअरबॉक्स आणि हौसिंगमध्ये (अ‍ॅक्सलवरची गोल पेटी, जिच्यात डिफरन्शियल असतो) एकाच डब्यातलं ऑईल ओतण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. डब्यावर ९० (ऑईलचा घट्टपणा) लिहिलंय एवढंच बघितलं जातं. त्या आकड्याशेजारी जीएल-४ आहे की जीएल-५ (ऑईलचा दर्जा), तेही वाचा. हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनवर फार दाब येतो, तिथं जीएल-५ हवं. पण त्यातली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खाऊ शकतात. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच भरा. पुस्तक नसेल तर त्या मॉडेलचं मिळवा, बंपरच्या आधी.

पुढची चाकं नाचतात

ताशी पन्नास-साठला एका खड्ड्यातून गेलं की पुढची दोन्ही चाकं थयथयाट करायला लागतात, स्टिअरिंग हातात धरवत नाही आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच आडव्या अ‍ॅक्सलवर असलेल्या) गाड्यांचं हे जुनं दुखणं. मेस्त्री बहुतेक वेळा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा भाग) बदलतो, महिनाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. डॅम्पर रोग दाबतो, बरा करत नाही.

एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला बसवा आणि तुम्ही खाली बघा. टाय रॉड एंड (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा सांधा) उचलला जातोय का, कमानपाट्यांचे बुश गेलेत का. मग जॅकवर घेऊन चाक वर-खाली पकडून हलवा. हललं तर किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा चाकाचं बेअरिंग सैल आहे. चाकांचं बॅलन्सिंग आणि टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) त्यानंतर. कुणी मोठे टायर घातले असतील तर हे सगळे सांधे अर्ध्या वेळात झिजतात, शिवाय स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही आणि ड्रम ब्रेक अपुरे पडतात. आपल्याकडे एक सोय मात्र आहे. पार्ट मिळाला नाही तर उद्यमनगरात पिन किंवा बुश लेथवर करून देणारा कुणीतरी भेटतोच. नमुना नीट मोजून न्या, "असाच द्या" म्हणू नका, कारण नमुना झिजलेला असतो.

गरम होते? मग थर्मोस्टॅट काढून टाका!

हा सल्ला तुम्हाला किमान तीन जण देतील. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढल्यानं मूळ कारण जात नाही, उलट डिझेल इंजिन थंडीत कधी नीट तापतच नाही, धूर टाकत राहतं. आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि उसाचं पाचट बघा. पाण्याचा फवारा इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचा, नाहीतर घाण आणखी आत बसते. मग रेडिएटरचं झाकण, पट्ट्याचा ताण, फॅनभोवतीचं कव्हर. आणि बोअरचं पाणी ओतणं बंद करा, त्यातल्या क्षारांचा थर आत साचतो. कूलंट भरा.

आता चालवण्याकडे

शिकायला घाट नको, पाणंद बरी. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या पाणंदींची काय दशा होते ते माहीत आहेच. नवखा तिथं ट्रॅक्टरच्या चाकोरीत बरोबर चाकं घालतो, कारण तोच रस्ता दिसतो. पण ट्रॅक्टरचं पोट तुमच्या जीपपेक्षा कितीतरी उंच असतं. चाकोरी खोल असली की मधला उंचवटा तुमच्या हौसिंगला लागतो आणि गाडी पोटावर बसते, चाकं हवेत फिरतात. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या कडेवर घ्या. तुमच्या गाडीचं हौसिंग डावीकडे आहे, उजवीकडे आहे की मध्ये, हे एकदा खाली वाकून बघून ठेवा. दगड कुठल्या बाजूनं घालायचा ते त्यावरून ठरतं.

काळ्या मातीत टायरचं नक्षीकाम चार फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतं. हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निसटतो. डांबरावर परत येण्याआधी हवा भरायला पंप जवळ हवा, "पुढं पेट्रोल पंपावर बघू" चालत नाही.

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंडाळू नका. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यानं फिरतं. अंगठा मोडायला तेवढं पुरतं.

चढावर गाडी बंद पडली की सवयीनं आधी क्लच दाबला जातो, आणि गाडी मागं सुटते. ब्रेक घट्ट दाबून ठेवा. मग क्लच दाबून लोमधला रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, ब्रेक हळूहळू सोडत तसंच गिअरमध्ये स्टार्टर मारा. गाडी इंजिनच्या धाकात, सरळ, आल्या वाटेनं उतरते. उतारावर आडवी वळवायचा प्रयत्न करू नका, जीप तिथंच कलंडते. उतरतानाही लोचा पहिला गिअर आणि क्लचवरून पाय बाजूला.

पाणी

ओढ्यात गाडी घालण्याआधी स्वतः चालून जा. जिथं तुम्हाला उभं राहता येत नाही तिथं गाडीला काय राहता येणार. फॅनचा पट्टा सैल केला तर पाती पाणी इंजिनवर उडवत नाहीत, वाकून रेडिएटरला भिडतही नाहीत. लोचा दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. हे मोठ्या अक्षरात डॅशबोर्डवर लिहून ठेवायला हरकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. आत ओल दिसली तर डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलचे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी भोकांतून बाहेर येईल. जिप्सीसारख्या पेट्रोल गाडीत बऱ्याचदा फक्त डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरलेली असते, ती फडक्यानं पुसली की गाडी चालू.

हौसिंगच्या बाबतीत चूक उशिरा कळते. चालून तापलेलं हौसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर (हवा जा-ये करायचं भोक) चिखलानं बुजलेला असला तर हवेऐवजी ऑईल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी फिलर बोल्ट उघडून बोट घाला. ऑईल दुधाळ चहासारखं झालं असेल तर लगेच बदला, त्यात बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत.

हे सगळं ओढ्यासाठी, पंचगंगेच्या पुरासाठी नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी असते, हे इथल्या पोरालाही पाठ आहे. तरी २०१९ ला आणि २०२१ ला रस्त्यावरच्या पाण्यात "आपली जीप आहे" म्हणून गाडी घालायला निघालेले होतेच. वाहतं पाणी गाडी बाजूला ढकलतं. फोर व्हीलचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ट्रॅक्टर बोलावल्यावर

आपल्याकडे अडकलं की पाच मिनिटांत ट्रॅक्टर येतो, हे सुख. दुःख असं की तो साखळी घेऊन येतो आणि झटका देतो. साखळीला किंवा वायरला ताण सोसायला लवचिकपणा नाही, तुटली की सरळ माणसावर येते. "पाव्हणं, झटका नको, हळू वडा" हे आधी, हात जोडून सांगा. दोर बंपरला नाही, टाय रॉडला तर मुळीच नाही, चासीला बसवलेल्या हुकलाच बांधा. जाड डी-शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) स्वतःची ठेवा. दोरावर मध्ये ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. पोरं ऐकत नाहीत, तरी करा.

जॅक लावताना

विलिज घराण्यातल्या कितीतरी जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो. हँडब्रेक ओढून मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं, आणि त्याबरोबर जमिनीवरचं दुसरंही. म्हणजे हँडब्रेक लागलेला असूनही गाडी जॅकवरून निघून जाते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नका. अशाच जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किटही एकच असतं. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. त्यामुळे ब्रेक ऑईलची पातळी निघण्याआधी बघा, घाटात नको.

कुठं जायचं नाही

मसाई पठारावर गाडी फिरवू नका. जांभ्यावरच्या पातळ मातीत पावसाळी फुलं येतात, एका टायरची खूण तिथं वर्षानुवर्षं राहते. दाजीपूर-राधानगरी अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. कोकणात वाळूवर गाडी घातली तर त्याच रात्री गोड्या पाण्यानं चासी धुवा, पाट्यांच्या मधल्या वाळूसकट.

घरी आल्यावर गाडी लगेच झाकून ठेवायची चूक मी अजूनही करतो, कंटाळ्यानं. मागच्या वेळी तीन दिवसांनी चिखल खरवडला तेव्हा त्याखाली ब्रेकच्या पाईपवर दगडाचा घाव सापडला. पाईप बदलला. मेस्त्रींनी जुना तुकडा मला देऊन टाकला, "गाडीतच ठेवा, दिसत राहील."