कमांडो मिशनच्या गोष्टी एकमेकांशी ताडून कशा बघायच्या

"पाच सोर्स वाच, तीन जण जे सांगतात ते खरं धर." हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनवायचेत मला. नाशिकमध्ये राहतो, मामा देवळाली कॅम्पात, तोफखान्यातून रिटायर झालेले, रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलं की हाच विषय निघतो आणि त्या नादात कित्येक वह्या भरल्यात, म्हणून हे लिहितोय.

एका वेळी एकच मिशन घ्या. मी इथे अमेरिकेची ओसामा बिन लादेनवरची धाड घेतो कारण तिच्याबद्दल सगळेच भरभरून बोललेत.

वहीत रकाने पाडा. डावीकडे प्रसंग, वरती सोर्स, आणि प्रत्येक चौकटीत त्याने जे म्हटलंय तेवढंच. कोणी गप्प असेल तर चौकट रिकामी ठेवा, आपल्या मनाने भरू नका.

मग घड्याळ जुळवा. पाकिस्तानातल्या एबटाबादेत धाड पडली २ मे २०११ च्या रात्री एकच्या सुमारास, तेव्हा वॉशिंग्टनला १ मेची दुपार होती, चार वाजत आलेले. हेलिकॉप्टर उडाली अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून, तिथलं घड्याळ पाकिस्तानच्या अर्धा तास मागे. अर्धे "विरोधाभास" इथेच मिटतात, त्यावर व्हिडिओ बनवणाऱ्यांचं पोट चालतं ती गोष्ट वेगळी.

आता खरी मेख. मी इथेच तोंडावर पडलो होतो.

ओसामाने शेवटपर्यंत गोळीबार केला, बाईला ढाल केली, असं मी सात ठिकाणांहून उतरवून घेतलं होतं. मोठ्या ऐटीत मामांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बशीतला चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "अरे, या साती जणांना सांगितलं कोणी?" घरी येऊन परत शोधत बसलो तर सगळ्या बातम्या २ मेच्या, आणि साती जाऊन पोचतात व्हाईट हाऊसमधल्या एकाच ब्रीफिंगला, तिथे ओबामांचे दहशतवादविरोधी सल्लागार जॉन ब्रेनन जे बोलले त्याला. दुसऱ्या दिवशी व्हाईट हाऊसनेच सांगितलं की ओसामाकडे हत्यार नव्हतं आणि ढालीचीही गोष्ट मागे घेतली. म्हणजे माझे सात सोर्स म्हणजे एकच माणूस, आणि तोही चोवीस तासांत फिरलेला! दुरुस्ती मात्र त्या जुन्या बातम्यांत शिरत नाही, त्या आजही सर्चमध्ये तशाच वर येतात आणि नवीन लेखवाले त्यातूनच उचलतात.

म्हणून प्रत्येक वाक्याचं मूळ गाव शोधायचं. याला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, तो स्वतः तिथे होता का. ऑगस्ट २०११ मध्ये न्यूयॉर्कर मासिकात या धाडीवर लांबलचक लेख आला, वाचताना वाटतं लेखक हेलिकॉप्टरमध्येच मांडी घालून बसला होता, आणि नंतर कळलं की तो धाडीतल्या एकाही सीलशी, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या कमांडोशी, बोललाच नव्हता, ज्यांनी त्या सैनिकांचे जबाब ऐकले त्यांच्याशी बोलला होता. लेख खोटा नाही, पण रकान्यावर मी "ऐकीव" असा लाल शेरा मारतो.

"पण जो स्वतः होता तो खोटं कशाला बोलेल" हेही ऐकून ऐकून कान किटले. अहो, तिथे असलेले दोघे बोललेत ना! मॅट बिसोनेटने २०१२ मध्ये टोपणनावाने पुस्तक काढलं, त्यात पहिली गोळी पुढे असलेल्या सीलने जिन्यावरून घातली, दारातून डोकावलेल्या माणसाला. रॉब ओनील म्हणतो खोलीत ओसामा उभा होता आणि मी मारला. अंधार, नाईट व्हिजन, काही सेकंदांचा खेळ, वर प्रत्येकाला आपली बाजू आहेच. दोघांची सरासरी काढू नका, दोन्ही लिहा आणि पुढे चला.

मला सगळ्यात भरवसा वाटतो तो ज्याला काही विकायचं नव्हतं त्याचा. एबटाबादमधल्या एका आयटीवाल्याने त्याच रात्री ट्वीट केलं होतं की एक वाजता डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, त्या बिचाऱ्याला काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. वेळेसाठी याच्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. तसंच या धाडीची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानी आयोगाचा अहवाल, २०१३ मध्ये फुटलेला, त्यात ओसामाच्या बायकांचं म्हणणं आहे. ते खरंच असेल असं नाही, पण ते व्हाईट हाऊसकडून आलेलं नाही एवढं नक्की.

आकडे वेगळे दिसले तर भांडायच्या आधी कोणी काय मोजलंय ते बघा. कुठे ७९ कमांडो, कुठे २३. तेवीस म्हणजे दोन ब्लॅकहॉक हेलिकॉप्टरांमधून घरावर गेलेले सील, एकोणऐंशी म्हणजे मदतीसाठी मागे ठेवलेल्यांना धरून.

शेवटी समोरच्याने काय कबूल केलंय ते एका रंगाने अधोरेखित करा. इथे दुसरं मिशन घेतो: २९ सप्टेंबर २०१६ ला आपल्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, सर्जिकल स्ट्राइक जाहीर केला, पाकिस्तान म्हणालं स्ट्राइक वगैरे काही नाही, सीमेपलीकडून गोळीबार झाला आणि आमचे दोन सैनिक गेले. दोघांच्या रकान्यात मिळून जे उरतं, म्हणजे त्या रात्री एलओसीवर गोळीबार झाला आणि पलीकडची माणसं गेली, ते पेनने लिहा. बाकीचं पेन्सिलने. माझ्या वहीत त्या पानावर अजून पेन्सिलच जास्त आहे.