'राइट ऑफ स्प्रिंग'च्या संचात नव्याने उभं राहताना

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या नाचाच्या पुनरुज्जीवनात संधी मिळाली की नवे नर्तक आधी व्हिडिओ उघडतात. बघा जरूर, पण त्यावरून नाच बसवू नका. १९७५ साली जर्मनीतल्या वुपरटालमध्ये आलेलं हे काम माणसाकडून माणसाकडेच गेलं आहे. सेनेगलच्या एकोल दे साब्ल या नृत्यशाळेत १४ आफ्रिकी देशांतल्या नर्तकांना ते शिकवायला जोसेफिन अ‍ॅन एंडिकॉटसारखे वुपरटालचे जुने नर्तक स्वतः गेले होते. माझं मत ठाम आहे: मोठ्या नावाच्या दिग्दर्शकापेक्षा हा नाच स्वतः नाचलेला माणूस तालमीला हवा.

व्हिडिओचा खरा सापळा दमाचा आहे. शेवटाकडे सगळे धापा टाकतात, चेहरे मातीनं माखलेले असतात. तो दम कुणी आणलेला नसतो, अर्ध्या तासाच्या नाचानं तो लागलेला असतो. आपण मात्र पहिल्याच आठवड्यात तो अभिनयातून आणतो. मीही आणत होते. खांदे पाडायचे, तोंड उघडं ठेवायचं, उसासे टाकायचे. खांदे पडले की कोपर पोटाकडे हाणायची हालचाल बोथट होते. श्वास छातीतच अडकतो, गुडघे पुरते वाकत नाहीत, गटाची लय सुटते, आणि मग खरा दम नको तिथे लागतो. म्हणून हालचाल स्वच्छ करा. कोपर आत येताना श्वास बाहेर सोडा, आणि हे संथ गतीत अंगवळणी पडू द्या. दमल्याचं दाखवू नका. अजिबात नाही. नाच तुम्हाला दमवणारच आहे.

रोज फुल-आउट, म्हणजे पूर्ण जोर लावून, नाचा म्हणणाऱ्या गुरूंचं मला पटत नाही. नेमकं मार्किंग, म्हणजे जोर न लावता हालचाली नुसत्या दाखवत जाणं, करता येणं हेही कौशल्यच आहे, आणि गुडघे टिकतात ते त्यामुळे.

कथकवाल्यांनो, ततकारानं, पायांच्या त्या रोजच्या रियाजानं, कमावलेला दमसास इथे कामी येतो, घाबरू नका. फक्त समेची वाट बघायची सवय नडते. हा नाच स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर आहे, आणि शेवटी बळी म्हणून निवडलेली मुलगी नाचते तिथे मात्रा सतत बदलतात. बसून, संगीताशिवाय, मोठ्यानं मोजा.

आणि माती. रंगमंचावर पीटचा, म्हणजे दलदलीतल्या भुसभुशीत मातीचा, थर असतो, तुम्ही अनवाणी असता. स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर साधलेली उडी तिथे रुतते, घोटा वळतो, घामावर माती चिकटते, डोळ्यांत जाते. २०२० मध्ये कोविडमुळे प्रयोग थांबले तेव्हा सेनेगलच्या संचानं शेवटची तालीम तूबाब दियालॉच्या समुद्रकिनाऱ्यावर केली. वाळू म्हणजे पीट नव्हे, तरी घोट्यांना ती पुष्कळ शिकवते. किनारा जवळ असेल तर आधी तिथे नुसतं चाला, मग धावा, उड्या सगळ्यात शेवटी. आणि होकार देण्याआधी कंपनीला विचारा, तालमीत पीट कधी येणार. 'रंगीत तालमीला' असं उत्तर आलं तर आणखी दिवस मागून घ्या. नवखे असलात तरी मागा.