काचेवर डिकल भाजताय? या चुका टाळा

मावशींनी पिशवीतून फोटो काढला. काळा-पांढरा, कोपरे दुमडलेले. नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर धोतर सावरत उभे असलेले त्यांचे वडील. "हा काचेत बसवून दे, भिंतीवर लावते." मी कॉलेज रोडवर डिकलच्या कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवला की चित्र सुटून काचेवर उतरतं अशा कागदावर, प्रिंट काढून आणली आणि काचेवर उतरवली. छान दिसत होती. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर आत नितळ काच. मावशींनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "अगं, माझे बाबा कुठे गेले?"

प्रिंट रंगीत मशीनवरची होती, हे त्यांना सांगून काय उपयोग? पण या कामातल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे. डिकलमध्ये दोन गोष्टी असतात. चित्र धरून ठेवणारी लाखेसारखी पातळ फिल्म आणि त्यावरचा रंग. फिल्म भट्टीत जळून जाते आणि ती जायलाच हवी. रंग मात्र खनिज असेल तरच उरतो. इंकजेटची शाई, रंगीत लेझर प्रिंटरचा टोनर (त्यातली रंगाची पूड), कार्बनचा काळा रंग, सगळ्यांचा धूर होतो.

टिकतो तो लोह ऑक्साइड असलेला टोनर. काही काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरमध्ये तो असतो. भाजल्यावर काळं उरत नाही, गंजासारखा तपकिरी रंग येतो. जुन्या फोटोंना तो शोभतोच. गडद काचेवर मात्र काहीच दिसणार नाही, म्हणून पांढरी किंवा पारदर्शक काच घ्या. गंमत अशी की प्रिंटर योग्य असला तरी काडतूस रिफिल केलेलं असेल तर आत वेगळीच पूड निघते. थोडी पूड कागदावर घेऊन कागदाखालून लोहचुंबक फिरवा. पूड चुंबकामागे सरकली तर आशा आहे. तरीही आधी एक तुकडा भाजून बघायचाच.

खरे रंग हवेत तर सिरॅमिक रंगांत छापलेली डिकल मागवावी लागते. मागवताना एकच प्रश्न विचारा: ही किती तापमानाची? काचेच्या ग्लास-बाटल्यांसाठीची डिकल साधारण ५५० ते ६०० अंशांत पक्की होते. चिनी मातीच्या मगांसाठीची ८०० अंशांच्या आसपास. पहिल्या जातीची डिकल लावून काच ८०० अंशांवर फ्यूज केलीत, म्हणजे काचेचे थर वितळवून एकजीव केलेत, तर रंग फिके पडतात, कधी फुगून फोड येतात. अशा वेळी आधी काच फ्यूज करा, गार होऊ द्या, मग डिकल लावून दुसऱ्यांदा कमी तापमानावर भाजा. वीजबिल वाढतं, पण चित्र राहतं.

पाणी आणि पावसाळा

माझ्या मते सर्वाधिक डिकल भट्टीत नाही, टेबलावरच बिघडतात. काच स्पिरिटने पुसली तरी उचलताना बोट लागतं आणि नेमकं तिथेच डिकल चिकटत नाही. काच कडेला धरा. डिकल पाण्यात मिनिटभर भिजवली की कागदावरून सरकायला लागते. ओढू नका, आपोआप सुटू द्या. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्याने माझ्या पाट्यांवर पांढरे ठिपके उठायचे आणि मी उगाच भट्टीला दोष देत बसायचे.

काचेवर उतरवल्यावर मऊ रबराने मधून बाहेर अलगद पाणी काढा, मग काच तिरपी धरून उजेडात बघा. मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी भट्टीत तो फुटतो आणि चेहऱ्यावर भोक पडतं. नाकावर पडलं तर काम संपलंच. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा इतकी दमट असते की रात्रभराने भागत नाही. मी तेव्हा पूर्ण २४ तास पंख्याखाली ठेवते.

अक्षरांचं एक वेगळं दुखणं आहे. 'सप्तशृंगी'सारख्या शब्दातल्या बारीक रेषा भाजल्यावर फिक्या होतात, शिरोरेखा तुटक दिसते. जाड टाइप घ्या. एका बंगल्याची 'गोदाई' अशी पाटी मी काचेच्या मागच्या बाजूला डिकल लावून केली आणि चित्र उलटं छापायचं विसरले. समोरून वाचायचं आणि डिकल समोरच असेल तर सरळ छापा. काचेतून आरपार बघायचं असेल तर उलटं.

भट्टीत

फिल्म जळताना धूर होतो, त्याला वाट हवी. साधारण ५४० अंशांपर्यंत भट्टीचं झाकण बोटभर उघडं ठेवा आणि तासाला १०० ते १५० अंशांहून वेगाने चढू नका. झाकण घट्ट बंद ठेवलं की रंग मळकट होतात, काचेवर करडी झाक येते, आणि लाल रंग सगळ्यात आधी बिघडतो. खिडक्या उघड्या ठेवा. हा धूर घरात कोंडायचा नाही. वरून दुसरी पारदर्शक काच ठेवून चित्र आत बंद करायचं असेल तर आधी डिकल एकटी भाजून घ्या, नाहीतर वायू आत अडकून फुगे धरतात.

भाजल्यावर चित्र बोटाने पुसलं जात असेल तर तापमान कमी पडलं. टोनरची डिकल असेल तर तीच काच पुन्हा १०-१५ अंश जास्त तापवून बघा. फार चढवलं तर चित्र विरघळल्यासारखं फिकं होतं. त्यावर उपाय नाही. ३ मिलिमीटरची एकच काच पूर्ण फ्यूज केली तर ती आत ओढली जाते आणि चित्र आक्रसतं. दोन थर, मिळून ६ मिलिमीटर, हे सुरक्षित.

बाजारातल्या साध्या फ्लोट काचेच्या एका बाजूवर कथिलाचा अंश असतो. त्या बाजूला डिकल लावली तर पिवळट धुरकटपणा येऊ शकतो. ओळखायला लघुलहरींचा अतिनील दिवा लागतो, २५४ नॅनोमीटरचा. त्यात कथिलाची बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायचा साधा दिवा बहुधा ३६५चा असतो, त्यात काही दिसत नाही. दिव्याकडे थेट बघू नका.

इथे वाइनच्या रिकाम्या बाटल्या मुबलक. चपट्या केलेल्या बाटलीवर डिकल सुंदर दिसते, पण बाटली आधी चपटी करा, डिकल नंतर. नाहीतर चेहरा गालात पसरतो. दोन वेगवेगळ्या बाटल्यांची काच एकत्र वितळवू नका, प्रसरण जुळलं नाही तर आठवड्याभरानेही तडकते. अशा ताटलीत जेवण वाढायच्या भानगडीत पडू नका; रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं.

वीज गेली तर झाकण उघडायचा मोह आवरा, भट्टी आपली उष्णता बराच वेळ धरून ठेवते. वीज आल्यावर कंट्रोलर तिथूनच सुरू होतो की पहिल्यापासून, हे आधीच तपासून ठेवा. गार होताना गेली असेल तर पुन्हा ॲनीलिंगच्या, म्हणजे काचेतला ताण निघून जातो त्या, तापमानापर्यंत हळू चढवून तिथे थांबायचं आणि मगच सावकाश उतरवायचं. फ्लोट काचेला हे तापमान साधारण ५५० अंश. मावशींच्या दुसऱ्या काचेच्या वेळी वीज अशीच गेली होती. रात्री दोन वाजता उठून पुन्हा सुरू केली. बाबा आता त्यांच्या देवघराशेजारी लावलेत, तपकिरी, थोडे फिके.